आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे काम थांबलं, तर सरकारी मदत कशी मिळते? महाराष्ट्रातील अर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“मला आता काम होत नाही” असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तेवढं पुरेल का?

नाही. “काम होत नाही” हे प्रत्येक कार्यालय आपापल्या मापाने मोजतं आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. सरकारी रुग्णालयाचं दिव्यांग मंडळ शरीराची किंवा मनाची हानी टक्क्यांत मोजतं. तुमचा धंदा कोणता, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. तहसील कार्यालय त्या टक्केवारीसोबत घरचं उत्पन्न बघतं. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ, कमावण्याची क्षमता किती गेली ते बघतं. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा प्रश्न आणखी वेगळा असतो: जे काम तुम्ही करत होता, त्यासाठी तुम्ही कायमचे आणि पूर्ण अपात्र झालात का?

उदाहरण घ्या. कारखान्यातल्या अपघातात एक डोळा काढावा लागला, दुसरा उत्तम आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर याचे ३० टक्के येतात, म्हणजे ४० टक्क्यांच्या अटीच्या योजना बंद. कामावरच्या अपघातांसाठीच्या तक्त्यात त्याच डोळ्याचे ४० टक्के धरतात आणि त्यावर दरमहा रक्कम मिळू शकते. हाच माणूस जड वाहनाचा चालक असेल, तर त्या कामासाठी तो पूर्णपणे अपात्र ठरू शकतो. म्हणून एका ठिकाणी नकार आला की सगळीकडेच नकार येईल असं समजू नका.

मी नेमका कुठे अर्ज करायचा?

आधी स्वतःची नोंद कुठे आहे ते पाहा. पगारपत्रकात ईएसआय किंवा पीएफची कपात होत असेल, तर सुरुवात तिथून करा. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर आस्थापना शाखेकडे जा. शेती, मजुरी, घरकाम, फेरीवाला अशा असंघटित कामात असाल, किंवा कधी कमावताच आलं नसेल, तर मुख्य आधार तहसील कार्यालयातल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र सगळ्यांनीच काढून ठेवावं. एसटीच्या सवलतीपासून आयकरातल्या वजावटीपर्यंत ते लागतंच.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसं काढायचं?

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. स्वतः जमत नसेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून भरून घ्या. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा लागतो. अर्जात अपंगत्वाचा प्रकार आणि तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. दोन प्रकारचा त्रास असेल, उदाहरणार्थ पाय आणि कान, तर दोन्ही नोंदवा. एकच नोंदवला तर तपासणीही एकाचीच होते.

मग तपासणीच्या दिवशी रुग्णालयात जायचं. जिल्हा रुग्णालयात वेगवेगळ्या प्रकारांसाठी ठरावीक वार असतात. हाडांचे डॉक्टर एका दिवशी, मानसोपचार दुसऱ्या दिवशी असं चालतं. निघण्याआधी वार विचारून घ्या.

सोबत काय न्यायचं, हे जास्त महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची कागदपत्रं, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म (नुसते रिपोर्ट पुरत नाहीत), ऐकण्याचा त्रास असेल तर ऑडिओमेट्री, आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांच्या औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून न्या. सतत उपचार चालू आहेत हे चिठ्ठ्यांवरूनच दिसतं. काठी, वॉकर, कॅलिपर किंवा श्रवणयंत्र रोज वापरत असाल तर तेही न्या. “आजच्या दिवस चांगलं दिसू दे” म्हणून काठी घरी ठेवून जाणारे बरेच असतात. ते नुकसानीचं ठरतं.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार कार्ड तीन रंगांत येतं: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. प्रमाणपत्र देण्यासाठी मंडळाला तीन महिन्यांची मुदत आहे. अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत आणि दोन वर्षांत निर्णय झाला नाही, तर अर्ज निकाली निघतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

टक्केवारी कशी ठरते? शेजाऱ्याला ६० आणि मला ३५ कसे?

केंद्र सरकारच्या राजपत्रातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोजमाप होतं. हातापायांच्या बाबतीत सांध्याची हालचाल किती अंश होते, स्नायूंत ताकद किती आहे, तोल सांभाळता येतो का, बटण लावणं किंवा पेन धरणं अशा क्रिया जमतात का, यांना गुण असतात. “फार दुखतं” या सांगण्यापेक्षा मोजता येणाऱ्या हालचालीला वजन जास्त. म्हणून डॉक्टर हात वर करायला सांगतात तेव्हा जेवढा सहज जातो तेवढाच न्या. दात-ओठ खाऊन पूर्ण वर नेलात तर पूर्ण हालचालीची नोंद होते. उलट मुद्दाम कमी दाखवलं तर स्नायूंच्या तपासणीत आणि एमआरआयमध्ये विसंगती दिसते आणि मग मंडळ सगळ्याच तक्रारीकडे संशयाने बघतं.

दोन वेगवेगळी अपंगत्वं असतील तर आकड्यांची साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला, तर एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा पायाचे ३५ आणि कानाचे २०. मग ३५ + २० × ५५ ÷ ९० म्हणजे ३५ + १२.२, साधारण ४७ टक्के. एकेकटं कुठलंच ४० ला पोहोचत नव्हतं, दोन्ही मिळून पोहोचलं. दुसरा त्रास अर्जात नोंदवा असं वर सांगितलं, त्याचं कारण हे.

कॅन्सर, किडनी किंवा हृदयविकार असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मानसिक आजार, ऑटिझम, ॲसिड हल्ल्यातील जखमी आणि कुष्ठरोगातून बरे झालेले येतात. कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं आणि हृदयविकार यात नाहीत. डायलिसिसवरचा माणूस दिवसभर उठू शकत नसला तरी केवळ त्या आजारावर प्रमाणपत्र मिळत नाही. हा कायद्यातला दोषच म्हणायला हवा, पण आज नियम असा आहे. आजारामुळे पाय कापावा लागला, दृष्टी गेली, लकवा झाला, तर त्या हानीचं प्रमाणपत्र मिळतं.

मात्र संजय गांधी योजनेचं दार इथे उघडं आहे. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल, तर दिव्यांग प्रमाणपत्राशिवाय सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. दाखल्यात नुसतं आजाराचं नाव नको. आजारामुळे कमाई करता येत नाही, हे वाक्य त्यात असलं पाहिजे.

मानसिक आजार दिसत नाही. मंडळ मानेल का?

मानतं. त्याचं मोजमाप ‘आयडियाज’ नावाच्या मापनपद्धतीने होतं. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण. एकूण २० पैकी ७ किंवा जास्त आले की ४० टक्क्यांची पातळी गाठली जाते.

इथे नातेवाइकाचं सांगणं निर्णायक ठरतं, कारण रुग्ण स्वतः “मी बरा आहे” म्हणण्याची शक्यता मोठी. रोज एकत्र राहणारी व्यक्तीच सोबत जाऊ द्या. आणि बोलणं मोघम नको. “नीट राहत नाही” याऐवजी “आठवडाभर आंघोळ करत नाही, बळेच घालावी लागते, गेल्या दोन वर्षांत चार ठिकाणी कामाला लागला, एकाही ठिकाणी महिना टिकला नाही” असं सांगा. मानसोपचारतज्ज्ञाचे पेपर मधे खंड न पडता असतील तर काम सोपं होतं.

प्रमाणपत्र तात्पुरतं दिलं आहे. चालेल का?

चालतं, मुदत संपेपर्यंत. लकवा किंवा अपघातानंतर सुधारणेला वाव असतो, म्हणून मंडळ मुदत घालतं किंवा काही महिन्यांनी या म्हणतं. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करा. नाहीतर मधल्या काळात अनुदान थांबतं आणि नंतर सुरू करून घेताना हेलपाटे पडतात.

टक्केवारी कमी आली किंवा अर्ज फेटाळला. आता?

नकार लेखी आणि कारणासह मिळाला पाहिजे, तो मागून घ्या. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. “अन्याय झाला” एवढंच लिहिलेली अपिलं पडतात. कुठलं मोजमाप राहिलं, कुठला रिपोर्ट पाहिला गेला नाही, हे मुद्देसूद लिहा आणि तो रिपोर्ट जोडा. त्यानंतर तब्येत खरोखर बिघडली असेल तर अपिलापेक्षा नव्याने तपासणी मागणं जास्त उपयोगाचं.

संजय गांधी निराधार योजनेत कोण बसतं आणि किती मिळतं?

दिव्यांग अर्जदारासाठी वय १८ ते ६५, किमान ४० टक्के अपंगत्व, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, त्यामुळे अर्जात ‘दिव्यांग’ हा प्रवर्ग नीट निवडला गेलाय का ते बघा. चुकीच्या प्रवर्गामुळे पात्र माणूस बाद होतो. रक्कम जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये होती. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये झाली आहे. ६५ वर्षांनंतर लाभ श्रावणबाळ योजनेतून घ्यावा लागतो.

कागदपत्रं: यूडीआयडी किंवा प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, शिधापत्रिका, आधार, बँक पासबुक. अर्ज सेतू केंद्रातून किंवा थेट तहसीलच्या ‘संगायो’ (संजय गांधी योजना) शाखेत. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल आणि नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल, तर प्रकरण इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत घेतलं जातं. त्यात केंद्राचा वाटा ३०० रुपये, उरलेली रक्कम राज्य भरतं. तुमच्या हातात येणाऱ्या पैशात त्याने फरक पडत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा जास्त येतो. काय करायचं?

संजय गांधी योजनेचे बरेच अर्ज इथेच पडतात. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला चार हजार आणि काही रुपये. घरातलं एक माणूस नियमित मजुरीला जात असलं तरी हा आकडा ओलांडला जातो. मर्यादा अवास्तव आहे, याबद्दल या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणाचंही दुमत नसेल. पण खोटा दाखला हा त्यावरचा उपाय नव्हे. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे.

योग्य मार्ग आहेत. काम सुटल्यानंतरचं चालू वर्षाचं उत्पन्न नोंदवलं गेलंय का ते बघा. बऱ्याचदा जुन्या पगाराचाच आकडा पुढे चालू राहतो. त्यासाठी नोकरी संपल्याचं पत्र तलाठ्याच्या चौकशीच्या वेळी समोर ठेवा. विभक्त राहणाऱ्या भावाचं उत्पन्न धरलं जात असेल तर आधी शिधापत्रिका वेगळी करून घ्या. एकाच शिधापत्रिकेवर नावं असताना “आम्ही वेगळे राहतो” हे कुणी ऐकत नाही.

अनुदान मंजूर झालं, पण खात्यात पैसे नाहीत.

पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात. अर्जात दिलेलं खातं आणि आधारला शेवटी जोडलेलं खातं वेगळं असेल, तर पैसे त्या दुसऱ्या खात्यात जातात. कधीकाळी सिमकार्डसोबत उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं असतं आणि रक्कम तिथे पडून राहते. बँकेत जाऊन “माझं आधार थेट लाभ हस्तांतरणासाठी कुठल्या बँकेला जोडलंय?” हे विचारा. नुसतं “आधार लिंक आहे का?” विचारलंत तर उत्तर “हो” येईल आणि प्रश्न तसाच राहील. व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय होणं, आधार आणि पासबुकावरच्या नावातला फरक ही पुढची दोन कारणं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला तरी अनुदान थांबतं.

ईएसआयसीमध्ये नोंद आहे. काय मिळेल?

साधा आजार असेल तर आजारपण लाभ: पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता भरलेला हवा आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात अशा यादीतल्या दीर्घ आजारांना ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते, पण त्याआधी दोन वर्षं सलग विमित नोकरी लागते. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचं हवं. खासगी रुग्णालयात परस्पर उपचार घेऊन सहा महिन्यांनी कागद नेले की दावा लटकतो.

कामावर अपघात झाला तर हप्त्यांची अट नाही, नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतं. बरं होईपर्यंत ९० टक्के पगार. कायमची हानी उरली तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. पगार १५,००० आणि क्षमतेची हानी ३० टक्के असेल तर ढोबळमानाने १३,५०० च्या ३० टक्के, म्हणजे महिन्याला ४,०५० रुपये. सगळं अवलंबून असतं मालकाने अपघाताचा अहवाल दिला की नाही यावर. “दवाखान्याचा खर्च आम्ही करतो, नोंद नको” असं सांगितलं जातं. ते मान्य करू नका.

पीएफ आहे, पण दहा वर्षं भरली नाहीत. पेन्शन मिळेल?

नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट लागत नाही. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, किमान एका महिन्याचं योगदान असलं की पुरतं. अर्ज फॉर्म १०-डी वर करायचा, मग वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते. किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये आहे. सावध राहायचं ते एका गोष्टीसाठी: घाईने पीएफसोबत पेन्शनचे पैसेही एकरकमी काढून घेतले तर हा हक्क संपतो. पीएफ काढा, पेन्शनच्या रकमेला हात लावू नका.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षांची अट मृत्यू किंवा अपंगत्वामुळे नोकरी संपल्यास लागू नाही. पण कागदावर नोकरी संपण्याचं कारण ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ असेल तर हे सिद्ध करणं जड जातं. राजीनामा देणारच असाल तर त्यात आजार किंवा अपघात स्पष्ट लिहा आणि वैद्यकीय दाखला जोडा.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का?

घाई करू नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) नुसार सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं. पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती स्वतःच दिलीत तर हे संरक्षण हातचं जातं. लेखी अर्ज, त्यात कलमाचा उल्लेख, आणि आवक क्रमांकासह पोच. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही.

आई-वडील सरकारी पेन्शनर आहेत आणि मुलगा कमावू शकत नाही.

उपजीविका करता येणार नाही इतकं अपंगत्व असलेल्या मुलामुलीला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. पालक हयात असतानाच मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र पेन्शनच्या कागदपत्रांत नोंदवून घ्या. पालकांच्या पश्चात ही नोंद करताना भावंडांची फार दमछाक होते.

अपघाती विमा योजनांचं काय?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. अपघाताने पूर्ण कायम अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः असल्यास १ लाख. पासबुकात ही कपात दिसते का ते तपासा, बऱ्याच घरांत विमा आहे हेच ठाऊक नसतं. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे योजना आहे: दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. दोन्हीकडे फक्त अपघात धरतात, आजाराने आलेलं अपंगत्व नाही.

अर्ज महिनोन्महिने पडून आहे. तक्रार कुठे?

आधी तहसीलदारांना पोचेच्या प्रतीसह लेखी स्मरणपत्र. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा: अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाकडे किती दिवस होता, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या कुठल्या बैठकीत ठेवला किंवा ठेवणार आहे. त्यानंतर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. दिव्यांग हक्क कायद्याखालच्या राज्य आयुक्तांनी शिफारस केली, तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. तक्रार साध्या कागदावर चालते. अर्जाची पोच, यूडीआयडीची प्रत आणि स्मरणपत्राची प्रत जोडा, मूळ कागद कुणालाही देऊ नका.